ह्यूम एंडचा नकाशा मिळतो, बार्शीचा का नाही?

इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायर परगण्यात ह्यूम एंड नावाचे एक खेडे आहे. तिथल्या स्टेशनातून शेवटची गाडी १९३४ च्या मार्चमध्ये सुटली आणि पुढे रूळही उखडले गेले. तरी त्या स्टेशनाच्या तिकीटघराची लांबी-रुंदी, खिडक्यांच्या चौकटी, इंजिनशेडच्या छपराचा उतार, सायडिंग कुठे फुटते, हे सगळे मी मिरजोळ्यात बसून पट्टीने मोजून सांगू शकतो. आपली कुर्डुवाडी-बार्शी लाइन ह्यूम एंडच्या लाइनीआधीची, तिच्यापेक्षा कितीतरी लांब, आणि तिच्यानंतर सत्तरेक वर्षे धावत राहिलेली. तिच्या एकाही स्टेशनाचा असा मापाचा नकाशा माझ्या हाती लागलेला नाही.

माझी नोकरी मिरजोळे एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये झाली. लेथ, कानस आणि व्हर्निअर यांच्याशी जन्माची ओळख. निवृत्तीनंतर मी घराच्या माडीवर रेल्वे बांधतो. बायको तिला खेळणे म्हणते, मी मापातले काम म्हणतो. माप १:८७. खऱ्या जगातला एक मीटर माझ्याकडे साडेअकरा मिलिमीटरचा होतो. बघायला येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "रत्नागिरीत बसून साहेबाची रेल्वे कशाला? आपली कोकण रेल्वे काय वाईट आहे?"

वाईट काहीच नाही, पण ती माडीवर मावत नाही. बावीस डब्यांची गाडी घ्या. एका डब्याची लांबी साधारण चोवीस मीटर धरली तर माझ्या मापात नुसती गाडीच सहा मीटर होते, म्हणजे वीस फूट. निवसरच्या बाजूचा पानवल नदीवरचा पूल ६४ मीटर उंच आहे. तो माझ्याकडे पाऊण मीटरच्या आसपास उंच आणि जवळजवळ पाच मीटर लांब होईल. करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा. मापात बांधला तर पाऊणशे मीटर. माडीवरून निघून, अंगण ओलांडून, शेजाऱ्यांच्या कलमांखालून तो रस्त्यावर निघेल, आणि शेजारी माझे कितीही मित्र असले तरी कलमांच्या मुळांशी खेळलेले त्यांना चालायचे नाही.

ब्रिटनमधल्या लहान रेल्वे बांधणाऱ्यांनी हा जागेचा प्रश्न फार पूर्वी सोडवला. त्यांनी मेन लाइन सोडली आणि फाट्याची लाइन धरली. जंक्शनवरून निघून चार-सहा खेड्यांत थांबत एका टोकाच्या स्टेशनात संपणारी. इंजिन एक, डबे दोन किंवा तीन, एक फलाट, एक मालधक्का, एक इंजिनशेड. असे स्टेशन आठ-दहा फुटांच्या फळीवर आरामात बसते आणि खऱ्या वेळापत्रकाने चालवताही येते. लहान मुलांची लाडकी थॉमस इंजिनाची गोष्ट आठवा. ती लिहिणारे पाद्री ऑड्री हे स्वतः या छंदातले होते आणि त्यांनी थॉमसची फाट्याची लाइन घरी बांधलेली होती.

पण ब्रिटनमध्ये अशा लाइनी शेकड्यांनी होत्या. मी नेमकी ह्यूम एंडची, म्हणजे लीक आणि मॅनिफोल्ड दरीची लाइन निवडली ती माझ्या आजोळामुळे. आजोळ बार्शीचे.

एव्हरार्ड कॅल्थ्रॉप हा इंजिनिअर १८८२ मध्ये जीआयपी रेल्वेच्या नोकरीत हिंदुस्थानात आला. मुंबई-मद्रास मार्ग कुर्डुवाडीवरून जातो आणि बार्शीची कापसाची पेठ त्या मार्गापासून वीसेक मैल आत पडते, हे त्याने पाहिले. मोठ्या गेजची लाइन टाकण्याएवढी वाहतूक तिथे नव्हती, आणि बैलगाडीने भागण्याएवढी थोडीही नव्हती. त्याने १८९५ मध्ये लंडनमध्ये बार्शी लाइट रेल्वे कंपनी काढली आणि १८९७ मध्ये अडीच फुटी गेजवर गाडी सुरू केली. त्याची युक्ती साधी पण टूलरूमच्या माणसाला नमस्कार करायला लावणारी होती. इंजिन असो, माणसांचा डबा असो की मालडबा, कुठल्याही आसावर पाच टनांहून जास्त भार येऊ द्यायचा नाही. भार असा सगळीकडे सारखा वाटला की रूळ हलके चालतात. यार्डाला अवघ्या तीस पौंडांचे. हलका रूळ म्हणजे हलका पूल, कमी भराव, कमी पैसा. ही लाइन पुढे १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोचली. आषाढी-कार्तिकीला हिच्या डब्यांत पाय ठेवायला जागा नसायची, हे आईच्या तोंडून मी अनेकदा ऐकले आहे.

बार्शीत जमलेले गणित घेऊन कॅल्थ्रॉप मायदेशी गेला आणि त्याच अडीच फुटी गेजवर त्याने मॅनिफोल्ड नदीच्या दरीत सव्वाआठ मैलांची लाइन आखून दिली. ती १९०४ च्या जूनमध्ये सुरू झाली. वॉटरहाउसेस हे एक टोक, ह्यूम एंड हे दुसरे. लीड्सच्या किटसन कारखान्याने आधी बार्शीची इंजिने बांधली होती, मग या लाइनीची दोन बांधली. त्यांपैकी एकाला कॅल्थ्रॉपचेच नाव दिले. तिथले फोटो बघताना मला हसू येते. इंग्लंडची ती मऊ हिरवी दरी, आणि तिच्यातून समोर भलामोठा दिवा लावलेले, टोकांना व्हरांडे असलेले पिवळे डबे ओढणारे इंजिन चालले आहे. थेट आपल्याकडचा थाट. रेल्वे साहेबाने इकडे आणली हे आपण पाठ केलेले असते. या एका लाइनीपुरता माल सोलापूर जिल्ह्यातून तिकडे गेला.

(कॅल्थ्रॉप हा माणूसही अजब. पुढे त्याने विमानातून उडी मारणाऱ्यांसाठी 'गार्डियन एंजल' नावाचे पॅराशूट केले, जे पहिल्या महायुद्धात वापरले गेले. म्हातारपणी घोड्याला मित्र कसे करावे यावर पुस्तक लिहिले. अरबी घोडे तो स्वतः पाळत असे. असा माणूस बार्शीच्या वाट्याला आला आणि बार्शीत त्याच्या नावाची साधी पाटी मी कधी पाहिली नाही.)

मॅनिफोल्डच्या लाइनीवरची आणखी एक गोष्ट कोकणी माणसाला लगेच कळेल. मोठ्या गेजचा भरलेला मालडबा उतरवून पुन्हा छोट्या डब्यात भरायचा खटाटोप टाळण्यासाठी कॅल्थ्रॉपने सपाट, खोल बैठकीची वाहने केली. मोठा डबा चाकांसकट त्यांच्यावर चढवायचा आणि छोट्या गाडीने ओढून न्यायचा. कोकण रेल्वेवर १९९९ पासून मालाचे ट्रक गाडीवर चढवून नेतात, त्याच कुळातला विचार. माझ्या माडीवर असे एक वाहन आहे. भाचरे आली की तेच आधी मागतात.

बांधकामाचे थोडे सांगतो, कारण त्यात मन रमते. अडीच फुटी गेज म्हणजे ७६२ मिलिमीटर. सत्त्याऐंशीने भागले की पावणेनऊच्या जरा वर येते, आणि बाजारात नऊ मिलिमीटरचा तयार रूळ मिळतो. पाव मिलिमीटरचा फरक माझ्या व्हर्निअरला दिसतो, डोळ्याला नाही. मोठ्या गेजवाल्यांचे इथे हाल आहेत. आपले ब्रॉड गेज १६७६ मिलिमीटरचे, जगात फार थोड्या देशांत चालणारे, त्यामुळे प्रचलित मापांत बसणारा तयार रूळ कोणी करत नाही. माप १:१०० धरले तर युरोपी साडेसोळा मिलिमीटरचा रूळ जवळजवळ तंतोतंत बसतो, पण मग त्या मापातली इंजिने-डबे स्वतः घडवावे लागतात. रूळ पुतण्याने विलायतेहून येताना आणले. "काका, बॅगेत रूळ बघून विमानतळावरचा माणूस दोनदा माझ्याकडे बघत होता," म्हणाला. बाकी सगळा माल रत्नागिरीचा. खालची फळी जुन्या आंब्याच्या पेट्यांची, पेट्या पुठ्ठ्याच्या व्हायच्या आधीच्या. गवत म्हणजे सुताराकडचा भुसा, हिरव्या रंगात भिजवून वाळवलेला. रंगाचा नमुना शोधायला लांब जावे लागले नाही, श्रावणातल्या एमआयडीसीच्या माळावर तो होता. झाडांना काथ्या. इंजिनाचे अंग पितळी पत्र्याचे, डाग देऊन जोडलेले. त्या दरीतली नदी उन्हाळ्यात चुनखडीच्या दगडात गडप होते आणि पात्र कोरडे पडते. हे वाचल्यावर मला फार बरे वाटले. पाणी दाखवणे या छंदात सगळ्यांत कठीण, आणि गोट्यांनी भरलेली कोरडी नदी कोकणातल्या माणसाला डोळे मिटून जमते.

पावसाळ्यात मात्र हाल. खाऱ्या हवेने रुळांवर थर चढतो, फळी फुगते, सांधे वर येतात. जून ते सप्टेंबर गाडी बंद, वर प्लास्टिक आणि खाली एक बल्ब पेटता. "अहो, त्या साहेबाच्या गावाला एवढी ऊब, आणि कपडे वाळत नाहीत त्याचं काय?" असे खालून विचारले जाते. बल्बाभोवती आता दोन दोऱ्या बांधल्या आहेत.

ह्यूम एंड बांधताना मला एकदाही अंदाजाने काम करावे लागले नाही. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ब्रिटनचे जुने सर्व्हे नकाशे जगाला फुकट खुले केले आहेत. मैलाला पंचवीस इंच, म्हणजे घरन् घर दिसते. यॉर्कच्या रेल्वे संग्रहालयात इंजिन-डब्यांच्या नकाशांचा प्रचंड साठा आहे आणि तो सामान्य माणसाला पाहायला मिळतो. छांदिष्टांनी दर दशकात पुस्तके काढली, मासिकांत मापे छापली. तीस वर्षे तोट्यात चाललेल्या, दूध वाहणाऱ्या एका चिमुकल्या लाइनीबद्दल एवढे. लाइन बंद झाल्यावर तिच्या जागेवर १९३७ मध्ये पायवाट केली, आणि ह्यूम एंडचे तिकीटघर आज येणाऱ्या-जाणाऱ्यांचे माहिती केंद्र आहे.

हे त्यांच्या रक्तात आहे वगैरे मी मानत नाही. त्यांनाही धडा मिळाला तो फटका बसल्यावर. डॉ. बीचिंग यांच्या १९६३ च्या अहवालाने दोन हजारांहून जास्त स्टेशने आणि सुमारे पाच हजार मैल मार्ग बंद करायला सांगितले. गावोगावचे फाटे जायला लागल्यावर लोक टेप आणि कॅमेरे घेऊन धावले. काही शहाणे त्याआधीच धावले होते. रॉय इंग्लंड नावाचा एक ऑस्ट्रेलियन तरुण १९२५ मध्ये ब्रिटनमध्ये आला, ऑक्सफर्डजवळच्या खेड्यांतली जुनी घरे एकेक करून बदलत चाललेली त्याने पाहिली, आणि ती मोजून, हुबेहूब मापात पुठ्ठ्याची करून ठेवायला सुरुवात केली. त्यातून पेंडन नावाचे संग्रहालय उभे राहिले. मूळ घर गेले, तरी त्याच्या दाराची कडी कुठल्या बाजूला होती हे तिथे जाऊन बघता येते.

पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून आहे, मुलांना जरूर न्या, मीही दोनदा नेले. पण तिथले छोटे शहर कल्पनेतले आहे. मी म्हणतो ते खरे गाव, खऱ्या मापात. त्यासाठी आधी गाव कोणी तरी मोजलेले असावे लागते.

बार्शी टाऊन स्टेशन बांधावे म्हणून मी ते शोधायला निघालो. इंजिनांची माहिती मिळाली, तीही बहुतेक इंग्रजांनी लिहिलेली. स्टेशनांचे काय? बार्शी लाइट कंपनी सरकारने १९५४ मध्ये घेतली आणि ती मध्य रेल्वेत गेली. २००० नंतरच्या दहा-अकरा वर्षांत सगळी लाइन रुंद झाली. रुंदीकरणाला माझा विरोध नाही. लातूरच्या माणसाला मुंबईची थेट गाडी हवी होती, ती मिळाली, उत्तम झाले. पण जुन्या इमारती पाडण्याआधी कोणी त्यांच्याभोवती टेप फिरवला का? एका कार्यालयात गेलो. समोरच्या गृहस्थांनी आपुलकीने चहा दिला आणि सांगितले, "जुनं सगळं निर्लेखित झालं. तुम्हाला ते कशाला हवंय?" मी खिशातून इंजिन काढून टेबलावर ठेवले. ते बघायला शेजारच्या टेबलांवरची माणसेही उठून आली. कागद मात्र मिळाला नाही. विदर्भातल्या शकुंतला रेल्वेच्या मागे लागलेले दोघे-तिघे माझ्या ओळखीचे आहेत, त्यांचीही हीच रड आहे.

कंपनी एका हातातून दुसऱ्या हातात जाताना कागद गळतात. रूळ, जमीन, कर्ज, माणसे मोजून घेतली जातात, कारण त्यांना किंमत असते. जुन्या आराखड्याच्या गुंडाळीला किंमत नसते. कपाट रिकामे झाले याचाच आनंद असतो. आणि म्हणून मला आज कोकण रेल्वेबद्दल बोलायचे आहे.

कोकण रेल्वे महामंडळ भारतीय रेल्वेत विलीन करण्याची चर्चा बरीच वर्षे चालू होती. महाराष्ट्र सरकारनेही २०२५ मध्ये तिला संमती दिली. विलीनीकरण व्हावे की नाही यावर जाणकार भांडत आहेत, भांडू देत. माझे म्हणणे एवढेच की सह्या होण्याआधी १९९० पासूनच्या कागदांची यादी व्हावी. हा मार्ग आठ वर्षांत उभा राहिला. नव्वदवर बोगदे, जवळपास दोन हजार लहानमोठे पूल. महामंडळाचे त्या वेळचे प्रमुख श्रीधरन यांच्या हाताखाली ज्यांनी पेडण्याच्या ढासळत्या मातीशी झुंज दिली, ते तेव्हाचे तरुण इंजिनिअर आता निवृत्त झाले आहेत किंवा होत आहेत. त्यांच्या वह्या, फोटो, हाताने काढलेली रेखाटने घरच्या पोटमाळ्यावर आहेत, आणि कोकणातल्या पोटमाळ्यावर वाळवी काय करते हे मी रत्नागिरीकरांना सांगायला नको.

कोकण रेल्वेच्या बाबतीत जुने व्हायला शंभर वर्षे लागत नाहीत. सगळा मार्ग २०२२ मध्ये विजेवर आला. डिझेल इंजिनाच्या आवाजावर घड्याळ लावणारी पिढी अजून माझ्या आळीत आहे, आवाज संपला. अलीकडे बऱ्याच स्टेशनांचे दर्शनी भाग नवे केले. नव्याची हौस समजू शकतो. पण आधीच्या, १९९० च्या दशकातल्या साध्या, जांभ्याच्या मुलखाला शोभतील अशा उतरत्या छपरांच्या इमारती मापासकट कुठे नोंदल्या आहेत? असतील तर त्या मला, तुम्हाला, वास्तुकलेच्या विद्यार्थ्याला बघता येतील का?

यावर दोन आक्षेप येतात. पहिला सुरक्षेचा. तो गंभीर आहे, आणि चालू मार्गाच्या सिग्नलची जोडणी कोणी मागत नाही. बंद लाइनचे स्टेशन, पाडलेली इमारत, मोडीत गेलेला डबा, बदललेली पाटी यांत गुपित काय उरते? केंद्र सरकारनेच २०२१ मध्ये नकाशांबाबतचे नियम बरेच सैल केले. दुसरा आक्षेप मला जास्त चिडवतो: रिकामटेकड्यांच्या छंदासाठी सरकारने खर्च का करावा? अहो, करू नये. पण ज्या मापावरून मी खेळण्यातली भिंत बांधतो, त्याच मापावरून खरी भिंत दुरुस्तही करतात. दरड कुठे आणि कधी आली, कुठल्या कटिंगचा उतार किती ठेवला होता, हे जुन्या कागदावरूनच कळते. दर पावसाळ्यात कोकण रेल्वे गस्त घालते आणि गाड्यांचा वेग कमी करते, तेव्हा त्यामागे अशाच नोंदी असतात. छंदवाल्यांना त्यातले फक्त उरलेसुरले हवे असते.

रत्नागिरी हा कोकण रेल्वेचा एक विभाग आहे, कारवार दुसरा. विलीनीकरणाच्या करारात मालमत्तेचे, कर्जाचे, कर्मचाऱ्यांचे परिशिष्ट असेलच. कागदपत्रांचे एक जोडावे. काय आहे, कुठे आहे, कोणाच्या ताब्यात जाईल, लोकांना कधी खुले होईल. रत्नागिरीत एक कोरडी खोली, एक स्कॅनर आणि तो चालवणारी दोन पोरे. इथल्या तंत्रनिकेतनाच्या विद्यार्थ्यांना दरवर्षी एकेक स्टेशन मोजायला दिले तर पोरे टेप धरायलाही शिकतील. आज ते संगणकावर सुंदर काढतात, पण भिंत काटकोनात आहे का हे तपासायला सांगितले की एकमेकांकडे बघतात. निवृत्त लोकांच्या वह्या घेऊन, स्कॅन करून, परत द्याव्यात. परत देण्याचे वचन लेखी असावे, नाहीतर कोणी देणार नाही. मीही देणार नाही.

बार्शीचे स्टेशन मी अजून सोडलेले नाही. ह्यूम एंडचे रूळ आणि त्याचे रूळ एकाच मापाचे, तेव्हा पलीकडची भिंत धरून आणखी सहा फूट फळी मी रिकामी ठेवली आहे. कार्यालयांतून आशा नाही, पण सोलापूर-धाराशिव-लातूरकडच्या घरांतून आहे. कोणाच्या अल्बममध्ये बार्शी टाऊन स्टेशनासमोर उभ्या राहिलेल्या वऱ्हाडाचा फोटो असेल, तर तो या वृत्तपत्राच्या पत्त्यावर पाठवावा. नवरा-नवरी कोण हे सांगितले नाही तरी चालेल. मला त्यांच्या मागची भिंत हवी आहे. आणि शेजारी दार असेल, तर दाराजवळ उभ्या असलेल्या माणसाची उंची अंदाजे कळवावी, म्हणजे दाराचे माप निघेल.